नाव पुराणाचे, ब्रीद बुद्धाचे

आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमाचा एखादा लोकप्रिय निवेदक सेवानिवृत्त झाला की त्याच्याबरोबर काम केलेला कुणीतरी त्याच्यावर लेख लिहितो. रविवारच्या पुरवणीत, दिवाळी अंकात, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात असे लेख आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यांचा साचा ठरलेला असतो. आवाजातला गोडवा, वेळेचा काटेकोरपणा, ध्वनिमुद्रणाच्या वेळची एखादी फजिती, श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग आणि शेवटी 'आता तो आवाज ऐकू येणार नाही' ही हळहळ. लेखामागचा जिव्हाळा बहुधा खरा असतो, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु मराठी समीक्षेने या लेखांकडे वाङ्मय म्हणून कधी गंभीरपणे पाहिलेले नाही, आणि दलित समीक्षेनेही पाहिलेले नाही. कथा, कविता आणि आत्मकथन यांतच आपली सगळी शक्ती खर्च झाली. वास्तविक खेड्यातील माणसाला पुस्तक भेटण्याच्या कितीतरी आधी रेडिओ भेटला. ज्या आवाजाने तीन-चार पिढ्यांच्या कानावर 'खेडे म्हणजे काय' हे ठसवले, त्या आवाजाचे मूल्यमापन हे सांस्कृतिक समीक्षेचेच काम आहे.

या लेखांतून लोकांनी निवेदकावर किती प्रेम केले ते समजते. त्याने किती लोकांना बोलते केले, ते समजत नाही. माझ्या मते लोकप्रिय निवेदकाची खरी कसोटी ही दुसरी आहे. आणि ती मी बाहेरून आणून त्याच्यावर लादीत नाही. ती आकाशवाणीनेच स्वतःच्या बोधचिन्हावर लिहून ठेवलेली आहे.

'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे आकाशवाणीचे ब्रीद आहे. हे शब्द बुद्धाचे. सारनाथला पहिले साठ भिक्खू तयार झाल्यावर बुद्धाने त्यांना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी चारिका करण्यास सांगितले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही सांगितले. या आदेशात चालणे आहे, माणसाच्या दारी जाणे आहे. भिक्खू ज्याच्या दारी जाई त्याचे अन्न घेई, त्याचे प्रश्न ऐकून घेई, त्याला उत्तर देई. संस्थेचे नाव मात्र पुराणातले. आकाशवाणी म्हणजे कंसाला ऐकू आली ती. ती वरून येते, एकदाच बोलते आणि तिला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. म्हैसूरच्या केंद्राने १९३० च्या दशकात हा शब्द वापरला आणि १९५७ साली तो देशभरच्या नभोवाणीसाठी स्वीकारला गेला. अशा रीतीने नाव पुराणाचे आणि ब्रीद बुद्धाचे, अशी ही संस्था आहे. तिच्यातला प्रत्येक निवेदक रोज माइकसमोर बसतो तेव्हा या दोहोंपैकी एकाची निवड करीत असतो, त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

काळाचा एक योगही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडला मनुस्मृती जाळली. या दोन घटनांच्या मध्ये, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पाण्यावर पहारा होता. आवाजावर पहारा बसवणे कुणाला शक्य नव्हते. आवाज विटाळत नाही. तो खोताच्या ओटीवर थांबत नाही. गावकुसाची त्याला फिकीर नसते. अस्पृश्यतेच्या इतिहासात हे एक नवेच साधन आले होते.

हे साधन आमच्यापर्यंत पोहोचले मात्र फार उशिरा. आरंभीच्या काळात गावात एक सार्वजनिक संच असे, तो चावडीत किंवा शाळेत. म्हणजे आवाजाला जात नव्हती, पण संच ज्या जागेत ठेवलेला होता त्या जागेला होती. चावडीच्या पायरीवर कुणी बसायचे आणि कुणी खाली उभे राहायचे, याचे नियम रेडिओने केलेले नव्हते. ते आधीच ठरलेले होते. ही कोंडी फोडली ती बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने. रत्नागिरी जिल्ह्यात तो आला चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले तेव्हा बरोबर आणलेल्या मोजक्या वस्तूंत एक ट्रान्झिस्टर होता. आमच्या बौद्धवाडीत तो पडवीच्या खुंटीला टांगलेला असे आणि संध्याकाळी त्याच्याभोवती पाच-सहा घरची माणसे जमत. रत्नागिरीचे केंद्र १९७७ साली सुरू झालेले होते. त्यापूर्वी किनारपट्टीला मुंबईचाच आधार होता. समुद्रावरून मध्यम लहरी चांगल्या जातात, त्यामुळे रात्री मुंबई स्वच्छ लागे. गिरणीतला माणूस मुंबईला आणि त्याची बायको संगमेश्वरला किंवा राजापूरला, दोघेही एकच आवाज ऐकत. या आवाजावर आमच्या माणसांनी मनापासून प्रेम केले. ते प्रेम खोटे नव्हते, भाबडे तर मुळीच नव्हते.

त्या प्रेमाचे एक ठोस कारणही होते. आवडीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक श्रोत्यांची नावे वाचून दाखवी. वाडीतली मुले पोस्टकार्डे पाठवीत. एखाद्या संध्याकाळी वाडीतल्या मुलाचे नाव, आडनावासह, गावासह, तालुक्यासह, आकाशातून उच्चारले जाई. आणि ते ज्या श्वासात उच्चारले जाई त्याच श्वासात एखाद्या खोताच्या मुलाचेही नाव येई. ज्यांच्या आजोबांना गावाने धड नावाने कधी हाक मारली नाही, त्यांना हे किती मोठे वाटले असेल, याची कल्पना निवेदकाला नसावी. निरोपाच्या लेखात याचा उल्लेख मी कुठेच वाचलेला नाही. पत्रांचा ढीग मोजला जातो. ढिगात कोण होते, हे पाहिले जात नाही. निवेदकाच्या कामगिरीतले सर्वांत मोलाचे जे होते, तेच त्याच्या सहकाऱ्याच्या नजरेतून निसटते.

आता या लेखांतील दोन ठराविक वाक्यांकडे पाहू. पहिले वाक्य असते: 'ते घराघरातले झाले.' घर कुणाचे, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' हे याचे उत्तम उदाहरण. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीना वहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत ही तीन पात्रे महाराष्ट्राने आपली मानली. जुलै २०२० मध्ये कुडतरकर ९८ व्या वर्षी गेले तेव्हा ज्या पिढीने त्यांना ऐकले होते तिला घरचे माणूस गेल्याचे दुःख झाले. त्यांची संवादफेक, बोलण्यातली सहजता, नुसत्या आवाजावर माणूस उभा करण्याची ताकद ही थोर होती; तिच्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु भावजी, वहिनी, पंत या संबोधनांतूनच ते घर कुठल्या वस्तीत आहे ते कळते. ते शहरी पांढरपेशांचे घर होते. आमची माणसे त्या घराच्या गमतीजमती ऐकून हसली, आणि त्यात वावगे काही नाही; दुसऱ्याचे घर जाणून घेणे ही वाङ्मयाची एक देणगीच आहे. प्रश्न एवढाच आहे की, त्या घराला आमचे घर कधी ऐकू आले काय? टेकाडे भावजी बौद्धवाडीत आले. बौद्धवाडीतले कुणी पंतांकडे गेल्याचे मला आठवत नाही. 'घराघरात' या शब्दात जाण्याचा रस्ता आहे, येण्याचा नाही.

दुसरे वाक्य याहून अधिक सन्मानाने लिहिले जाते: 'त्यांनी कधी जात पाहिली नाही.' लिहिणाऱ्याला हा सर्वोच्च गौरव वाटतो. पण खेड्यावर बोलणाऱ्या माणसाला जात दिसली नसेल, तर त्याला खेडे दिसले असे कसे म्हणायचे? पाणवठा, स्मशान, पालखीचा मान, कुळाची जमीन यांतली कुठली गोष्ट जात वगळून सांगता येते? रत्नागिरी जिल्ह्यापुरते बोलायचे तर येथील शेतीचा इतिहास हा खोतीचा इतिहास आहे. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला विधिमंडळावर गेला, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. हा सगळा इतिहास बाजूला ठेवून भाताच्या वाणाबद्दल बोलता येते. असे बोलणे शास्त्रीय असेल, उपयुक्तही असेल. त्याला निःपक्षपाती म्हणता येणार नाही.

ग्रामीण कार्यक्रमाच्या भाषेतच हा पक्षपात मुरलेला आहे. मी ऐकलेल्या कार्यक्रमांची सुरुवात 'रामराम मंडळी'ने होई. १९५६ नंतर ज्यांच्या दारात 'जयभीम' म्हटले जाते, ते या मंडळींत होते की नव्हते? पुढचे संबोधन 'शेतकरी बंधूंनो'. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच नभोवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या माध्यमातून बंधुतेचा असा उच्चार झाला, त्याच माध्यमात 'बंधू' हा शब्द सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसापुरता राहिला. शेतमजूर बंधू झाला नाही, आणि रोजावर जाणारी बाई भगिनीही झाली नाही.

त्यानंतर येतो सल्ला. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी 'फवारणी करावी'. या 'करावी'मध्ये कर्ता नाही. फवारणी कोण करतो? बागायतदार ट्रान्झिस्टर ऐकतो आणि पंप पाठीवर घेतो गडी. औषध त्याच्या अंगावर उडते, ते त्याच्या नाकातोंडात जाते. मोहोर वाचवण्याचे प्रमाण लिटरमागे मिलिलिटरमध्ये सांगितले जाते. गड्याने तोंडाला काय बांधावे, किती तास काम करावे, किती मजुरी मागावी, हे त्याला उद्देशून सांगितलेले मी ऐकलेले नाही. व्याकरणातला हा विध्यर्थ निरागस नाही. त्याने श्रम करणाऱ्याला वाक्याबाहेर काढलेले आहे.

संवादरूपाने सादर होणाऱ्या भागात दोन पात्रे असत, एक जाणता आणि एक भाबडा. भाबड्याच्या तोंडी 'गावठी' भाषा असे, आणि तीही देशावरची. जो बोली बोलतो तो अडाणी आणि जो प्रमाणभाषा बोलतो तो शहाणा, असा धडा रोज संध्याकाळी दिला जाई. रत्नागिरीतल्या कुणब्यांची आणि बौद्धांची संगमेश्वरी बोली घ्या. तिच्यात विनोद आहे तसा युक्तिवाद आहे, शिवी आहे तसे शहाणपण आहे. पण शहाणपणासाठी तिची गरज कुणाला भासली नाही.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ काम केले. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) यांच्या या लेखकाला खेड्यातला माणूस त्याच्या नावानिशी, जातीनिशी, धंद्यानिशी दिसत होता. त्यांच्या साहित्यातील दलितांच्या चित्रणावर आपल्या मासिकांतून मतभेद झाले आहेत, पुढेही होतील. पण त्या पानांवर माणूस एकटा, वेगळा, ओळखता येणारा असा येतो. ग्रामीण कार्यक्रम नावाच्या सरकारी चौकटीत तोच माणूस 'शेतकरी बंधू' होऊन जातो. म्हणजे दोष केवळ व्यक्तीच्या दृष्टीचा नाही; चौकटच अशी आहे की तिच्यात माणूस शिरताना त्याची ओळख बाहेर ठेवावी लागते.

या चौकटीचा पहारेकरी म्हणजे स्वरचाचणी. निवेदक निवृत्त होतो म्हणजे एक खुर्ची रिकामी होते. निरोपाचा लेख जाणाऱ्याविषयी लिहिला जातो. येणारा कोण असेल, हे विचारले जात नाही. 'शुद्ध उच्चार' ही तेथली पहिली अट. 'ण'चा 'न' झाला की माणूस बाद. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका चाचणीला गेली होती. तिचा आवाज खणखणीत, वाचन स्वच्छ, विषयाची जाण चांगली. बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून 'पानी' गेले आणि समोरच्या तज्ज्ञांनी तिला ते तीनदा पुन्हा म्हणायला लावले. चौथ्यांदा ती बोललीच नाही. मी वर्गात मराठी शिकवतो आणि प्रमाणलेखन मीही तपासतो. उच्चार शिकवता येतो, शिकता येतो हे मला अनुभवाने माहीत आहे. परंतु ज्या प्रदेशातले बहुसंख्य लोक 'पानी' म्हणतात, त्या प्रदेशाशी बोलण्यासाठी 'पानी' म्हणणारा माणूस अपात्र ठरतो, यातील विसंगती लहान नाही. महाडला प्रश्न पाण्याला शिवण्याचा होता. येथे तो पाणी हा शब्द उच्चारण्याचा आहे.

यावर असे उत्तर दिले जाईल की, निवेदक हा शासनाचा नोकर. संहिता वरून येते, वेळ ठरलेली असते, त्याच्या हातात काय होते? हा आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही. परंतु दुसरी शक्यता नव्हतीच असे म्हणता येणार नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. कॅनडातल्या अशाच उपक्रमावरून तो बेतलेला होता. ऐका, चर्चा करा, कृती करा हे त्याचे सूत्र. गावकरी गटाने ऐकत, चर्चा करीत, आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. रेडिओने श्रोत्याला केवळ ऐकवू नये, त्याला बोलूही द्यावे, अशी मागणी जर्मन नाटककार ब्रेख्त याने १९३२ सालीच केली होती. पुण्याच्या प्रयोगात तिचा एक अंश उतरला होता. त्याच वर्षी नागपूरला लाखो लोक धर्मांतर करीत होते. बोलण्यासारखे पुष्कळ होते, बोलणारेही होते. पुढे या मंडळांचा जोर ओसरला आणि वरून येणारा आवाज तेवढा राहिला.

अमेरिकेतील मेम्फिसचे उदाहरणही आपल्या वाचकांना उद्बोधक वाटेल. तेथील डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४८ साली नॅट डी. विल्यम्स या काळ्या निवेदकाला माइकसमोर बसवले. हा मनुष्य काळ्या मुलांच्या शाळेत इतिहास शिकवीत असे आणि निवेदक झाल्यावरही त्याने शिक्षकी सोडली नाही. केंद्राचे मालक गोरे होते, हेतू धंद्याचा होता. त्याला क्रांती म्हणण्याचे कारण नाही. तरीही श्रोत्यांना स्वतःचा आवाज, स्वतःच्या लकबी, स्वतःचा विनोद ऐकू येताच ते केंद्र भरभराटीला आले आणि १९५४ साली ५०,००० वॅटचे झाले. श्रोत्यांतला माणूस निवेदक झाला की कार्यक्रमाचा दर्जा उतरतो, या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्याकडेही उत्तर आहे, मात्र ते रेडिओच्या बाहेर घडले. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार आणि त्यांच्याबरोबर मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ज्यांना कुणी काही विचारले नव्हते त्यांना प्रश्न विचारणे, त्यांचे उत्तर त्यांच्या शब्दांत टिपणे, हे काम ध्वनिमुद्रक हाताशी असलेल्या निवेदकाचे होते. ते केले माइक नसलेल्या दोन लेखिकांनी. बुद्धाने सांगितलेली चारिका ती हीच. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००८ साली तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावी दलित स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ' सुरू झाला. शेतात राबणाऱ्या बाया तेथे स्वतः ध्वनिमुद्रण करतात, निवेदन करतात, बियाण्यांविषयी एकमेकींशी बोलतात. 'फवारणी करावी' असे त्यांना म्हणावे लागत नाही. पेरणारी कोण आणि राबणारी कोण, हे त्यांच्या वाक्यात असते.

जुन्या निवेदकांचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. ज्यांनी आमची नावे आकाशातून उच्चारली त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु कृतज्ञता म्हणजे समीक्षेला रजा नव्हे. निरोपाचा लेख लिहिणाऱ्या सहकाऱ्याने यापुढे तीन गोष्टींची नोंद करावी, अशी अपेक्षा बाळगण्याचा आपल्याला अधिकार आहे. निवेदकाने आपल्या कारकिर्दीत माइक स्टुडिओबाहेर किती वेळा नेला, आणि तो कुठल्या वाडीपर्यंत गेला? बोलीला शहाणपणाची वाक्ये त्याने कधी दिली काय? आणि १४ एप्रिल व ६ डिसेंबर वगळून वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आमचा माणूस त्याच्या कार्यक्रमात आला काय. दुःख सांगायला नव्हे, तर भात, पाऊस, शाळा, बाजारभाव यांवर जाणकार म्हणून बोलायला?

या प्रश्नांची उत्तरे देताना एखादा निवेदक लहान ठरेल, एखादा आज वाटतो त्याहून मोठाही ठरेल. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मात्र कुणाच्या निवृत्तीची वाट पाहू नये. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आपापल्या वाडीतील म्हाताऱ्या माणसांना, रोजावर जाणाऱ्या बायकांना, पंप पाठीवर घेणाऱ्या गड्यांना प्रश्न विचारावेत आणि त्यांचे बोलणे 'पानी'सकट जपून ठेवावे.